मिरीतलं आणि गांजातलं

कोपरखैरणे, नवी मुंबई

प्रिय मंद्या,

सप्रेम नमस्कार. तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. काकूंच्या गुडघ्यांसाठी आणि झोपेसाठी ते 'टर्पीन असलेलं' गांजाचं तेल मागवावं का? आधी उत्तर देऊन टाकतो: मागवू नकोस. पण जाहिरातीत ज्या वासाच्या द्रव्यांचा उदो उदो केलाय, ती सगळीच थाप नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. फोनवर तू मध्येच क्रिकेटवर घसरतोस.

गांजाचा वास टीएचसीचा, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचा, नसतो. टीएचसीला स्वतःचा असा वास जवळपास नाहीच. फुलोऱ्यावर चिकट राळेच्या बारीक ग्रंथी असतात. नशेचं द्रव्य आणि ही सुगंधी टर्पीन्स त्यांतच तयार होतात. मिर्सीन, लिमोनीन, पायनीन, लिनालूल, कॅरिओफिलीन, अशी मोठी यादी आहे. यातलं एकही एकट्या गांजाच्या मालकीचं नाही. मिर्सीन गवती चहात सापडतं, लिमोनीन संत्र्याच्या सालीत, लिनालूल आपल्या धण्यांत भरपूर.

रबाळ्याला आमच्या लॅबमध्ये मिरीचं तेल तपासणीला येतं. नमुना जीसीवर, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं एकेक करून वेगळी काढणाऱ्या यंत्रावर, लावला की आधी हलकी मंडळी बाहेर पडतात: पायनीन, मग मिर्सीन, मग लिमोनीन. त्यानंतर बराच वेळ विशेष काही घडत नाही, निवांत चहा पिऊन यावं. मग आलेखावर एक उंच सुळका उभा राहतो, तो कॅरिओफिलीनचा, आणि त्याच्या पाठोपाठ ह्युम्युलीनचा छोटा. गांजाच्या तेलाच्या छापील आलेखांत हीच जोडी याच क्रमाने दिसते. मिरी जिभेला झोंबते ती पिपरीनमुळे. तुर्भ्याच्या मसाला मार्केटात पोत्याचं तोंड सोडलं की जो कोरडा, लाकडासारखा वास येतो, त्यात या कॅरिओफिलीनचा मोठा वाटा.

आणि हाच माझा लाडका. आपल्या शरीरात गांजातली द्रव्यं जिथे चिकटतात असे दोन मुख्य रिसेप्टर आहेत. सीबी १ प्रामुख्याने मेंदूत, नशा त्याच्यामुळे. सीबी २ मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर, सुजेशी संबंधित. २००८ साली युर्ग गेर्च आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कॅरिओफिलीन नेमकं सीबी २ ला चिकटतं. उंदरांना तोंडावाटे दिलं तर पंजाची सूज उतरली. ज्या उंदरांत सीबी २ नव्हताच, त्यांच्यात फरक पडला नाही. प्रयोग असा हवा! मात्र माणसाच्या गुडघ्यापर्यंत हे अजून नीट पोचलेलं नाही, आणि आमटीतल्या चार मिऱ्यांनी तो डोस भरून निघत नाही.

झोपेचं म्हणशील तर लिनालूल. जपानमध्ये २०१८ साली नुसत्या वासाने उंदरांची घबराट कमी झाली, पण ज्यांना वासच येत नव्हता ते उंदीर तसेच घाबरट राहिले. जर्मनीत लिनालूल असलेल्या लॅव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल अस्वस्थतेसाठी मिळते, तिच्या चाचण्या माणसांवर झाल्यात. लिमोनीनचं २०२४ चं जॉन्स हॉपकिन्सचं काम छोटं पण नेटकं: टीएचसीबरोबर वाफ करून ओढायला दिलं तर टीएचसीने येणारी भीती कमी झाली. एकटं दिलं तर काहीच नाही. जाहिरातवाले हे शेवटचं वाक्य गाळतात, साहजिकच.

'सगळी द्रव्यं एकत्र असली की जास्त गुण', हा दावाही तू ऐकला असशील. कल्पना १९९८ पासूनची आहे. पेशींवर तपासल्यावर काही प्रयोगशाळांना टर्पीन्समुळे टीएचसीच्या कामात काही फरक दिसला नाही, काहींना दिसला. वाद मिटलेला नाही.

आता तू पाठवलेल्या बाटलीच्या फोटोकडे वळतो. लेबल मोठं करून बघ, 'हेम्प सीड ऑइल' लिहिलंय. ते बियांचं तेल. बियांत त्या राळेच्या ग्रंथी नसतात, म्हणून टर्पीन्स नावालाच. खायला चांगलं आहे, २०२१ पासून एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, परवानगीही आहे, पण त्या किमतीत शेंगदाण्याच्या तेलाचा डबा येईल. आणि फुलोऱ्याचा अर्क कुणी चोरून देत असेल तर त्या वाटेला जाऊच नकोस. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात नेमका फुलोराच येतो.

शिवाय काकू रक्त पातळ करायची गोळी घेतात ना? वॉरफरिन असेल तर सीबीडीमुळे, म्हणजे गांजातल्याच पण नशा न आणणाऱ्या द्रव्यामुळे, तिचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नको. सुगंधी तेलं तर कच्ची पिऊच नयेत, ती आम्ही लॅबमध्येही हातमोजे घालून हाताळतो. गुडघ्यांसाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओकडून शिकून घेतले तर जास्त पदरात पडेल. काकू करतील का, हा प्रश्न वेगळा. तू मागे लागशील तर नाही करणार, सुनेने सांगितलं तर करतील.

गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो पाठव. रविवारी दुपारी मी घरीच आहे, फोन कर. आणि तुमच्याकडची हळद या वेळी दोन किलो जास्त आण, सौ. ने बजावून सांगितलंय.

तुझा,
सुन्या