बाबांचं वय आणि आईचं हिमोग्लोबिन

बडोदा,
भाद्रपद वद्य पंचमी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही इतके तापला होतात की मला एक वाक्य पूर्ण करता आलं नाही. म्हणून लिहायला बसले. कागदाला मध्येच तोडता येत नाही. आईलाही वाचून दाखवा, आणि तिच्याबद्दलचा भाग आला की घाईनं पान उलटू नका.

आधी तुमची तक्रार घेते. मंडळाच्या रक्तदान शिबिरात तुम्ही रांगेत पहिले उभे राहिलात, फॉर्म भरलात, आणि त्या टेबलावरच्या मुलीनं बासष्ट वय पाहून तुम्हाला हात जोडून परत पाठवलं. रोज सकाळी नेहरू पार्कात फेऱ्या मारणाऱ्या माणसाला कालच्या पोरीनं म्हातारा ठरवलं, असं तुमचं म्हणणं. त्यात पलीकडच्या वाड्यातले काका चौसष्टचे, त्यांचं मात्र घेतलं, म्हणजे ओळखीपाळखीचा मामला.

मामला कसलाही नव्हता. रक्तदात्याचं वय 18 ते 65 चालतं, पण पहिल्यांदाच देणारा साठीच्या पुढचा असेल तर घेत नाहीत. काका तरुणपणापासून देत आले आहेत, म्हणून त्यांना 65 पर्यंत मुभा आहे. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा बाही वर केलीत, तीही बँकेतून निवृत्त झाल्यावर. त्या मुलीच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि इथे रक्तपेढीत तुमच्यासारख्या काकांना दर शिबिरात मी हेच सांगते. तेही असेच रागावतात.

कारण सांगते, म्हणजे निदान राग योग्य ठिकाणी जाईल. काकांचं शरीर 350 मिलीलीटर रक्त गेल्यावर कसं वागतं हे इतक्या वर्षांच्या अनुभवानं माहीत आहे. तुमचं माहीत नाही. कुणाला चक्कर येते, कुणाचा रक्तदाब झपकन खाली जातो. पंचविशीतलं पोर खुर्चीतून घसरलं तर उठून बिस्किट खातं. साठीपुढचा माणूस पडला तर खुबा मोडतो. हृदयाच्या नळीत कुठे अडथळा असेल तर तोही त्या उताराच्या वयात, काही न दाखवता बसलेला असू शकतो. पेढीला रक्त हवं असतं, पण देणाऱ्याला पाडून नको असतं.

आणि हो, त्या दिवशी सकाळी रक्तदाबाची गोळी तुम्ही मुद्दाम घेतली नाहीत, ‘गोळीवाल्याचं घेत नाहीत’ असं कुणीतरी सांगितलं म्हणून. हे मला आईकडून कळलं. बाबा, वरचा आकडा 100 ते 140 आणि खालचा 60 ते 90 मध्ये असला की झालं, तो गोळी घेऊन आला की न घेता, असं कुणी विचारत नाही. गोळी चुकवून मात्र तो 160 वर गेला असता. पुन्हा असलं काही करू नका.

फॉर्मवर ‘एकोणसाठ लिहून टाकू का’ हे तुम्ही गमतीत म्हणालात असं मी धरून चालते. आजोबांच्या ऑपरेशनच्या वेळची गोष्ट तुम्हीच सांगता ना, दवाखान्याच्या फाटकाबाहेर पैसे घेऊन रक्त विकणारी माणसं उभी असायची? तो धंदा सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून बंद झाला. त्यात मोठी अडचण हीच होती की पैशाची गरज असलेला माणूस काविळीबद्दल, तापाबद्दल, आधी कधी रक्त दिलं याबद्दल खोटं बोलायचा. आज प्रत्येक पिशवी एचआयव्ही, काविळीचे बी आणि सी हे दोन्ही विषाणू, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी तपासली जाते. तरी लागण नवी असेल तर काही दिवस ती तपासणीत सापडतच नाही. त्या दिवसांत पिशवी घेणाऱ्याचा जीव फॉर्मवरच्या खऱ्या उत्तरांवर असतो. म्हणून आम्ही त्या कागदाबद्दल इतके चिकट असतो.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर मंडळाच्या मीटिंगमध्ये भांडा. ऋषिपंचमीला शिबिर ठेवणारे थोर पुरुष कोण आहेत? अर्ध्या बायका उपासाच्या. उपाशीपोटी रक्त घेत नाहीत, आधीच्या चार तासांत खाल्लेलं असावं लागतं. आल्या तशा परत गेल्या असतील. मुळात गणपतीतच का? सगळी मंडळं त्याच दहा दिवसांत शिबिरं घेतात आणि पेढ्यांचे फ्रीज भरून जातात. लाल पेशी फ्रीजमध्ये पस्तीस ते बेचाळीस दिवस राहतात, रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स तर जेमतेम पाच. दिवाळी उलटेपर्यंत गणपतीतलं बरंचसं संपलेलं असतं. आणि मे महिन्यात, सगळे मामाच्या गावाला गेलेले असताना, आमच्याकडे थॅलेसेमियाची मुलं दर दोन-चार आठवड्यांनी पिशवीसाठी आलेलीच असतात. आपल्या रामबागेतलं एक मंडळ जरी मे महिन्यात शिबिर घ्यायला तयार झालं तरी ते तुमच्या एका पिशवीपेक्षा जास्त झालं. बँकेत युनियनचा आवाज चालायचाच तुमचा, तो इथे चालवा.

आता आई.

बाबा, तुम्ही फोन ठेवता ठेवता म्हणालात, ‘तुझ्या आईचंही बोट टोचलं हौसेनं, तिचंही जमलं नाही, तिचं रक्त कमीच असतं.’ आणि पुन्हा आपल्या अपमानावर आलात. मी मात्र तिथेच अडकले. तुमचं परत येणं हा नियम आहे. आईचं परत येणं ही बातमी आहे.

मग मी आईला वेगळा फोन केला. तिनं सगळं हसत हसत सांगितलं. निळ्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकला, बाकीच्यांचे बुडत होते, तिचा वरच तरंगत राहिला. ते निळं पाणी मोरचुदाचं असतं आणि असं बेतलेलं असतं की हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल तरच थेंब चटकन खाली जातो. त्यानंतर त्यांनी छोट्या मशीनवर पाहिलं तर 9.6 आलं. साडेबाराचा नियम दात्यांसाठी आहे. बाईचं 12.2 असेल तर आम्ही रक्त घेत नाही, पण तिला आजारी म्हणत नाही. बाईच्या बाबतीत बाराच्या खाली गेलं की तो ॲनिमिया. 9.6 म्हणजे ‘थोडं कमी’ नाही.

आई, तू म्हणालीस, ‘अगं, बायकांचं असतंच कमी.’ असतं, कारण पाळीत जातं आणि बाळंतपणात जातं. तुझी पाळी बंद होऊन किती वर्षं झाली? आता ते कुठून जातंय, हा प्रश्न आहे. या वयात लोह कमी झालेलं सापडलं की डॉक्टर आधी पोटाकडे बघतात. जठरात व्रण असेल, आतड्यात गाठ असेल, मूळव्याध असेल, तर रोज थोडं थोडं रक्त जातं आणि डोळ्यांना दिसतही नाही. घाबरवत नाही. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं. पण बघितल्याशिवाय ‘साधंच’ म्हणायचा हक्क कुणालाच नाही, मलाही नाही.

आणि मला एक संशय आहे. गुडघ्यांसाठी मेडिकलवाल्याकडून आणतेस त्या दुखण्याच्या गोळ्या. डॉक्टरांनी आठवडाभरासाठी लिहून दिल्या होत्या, तू त्या दीड वर्ष घेतेयस, कधी रिकाम्या पोटी. त्या गोळ्यांनी जठराला इजा होते. डॉक्टरांना त्यांचं पाकीट दाखव. नाव आठवत नाही म्हणून ‘काही घेत नाही’ असं सांगू नकोस.

दिवाळीत मी आले होते तेव्हा तू तांदूळ निवडताना चिमूट चिमूट कच्चे तांदूळ तोंडात टाकत होतीस. मी ‘दात पडतील’ म्हणून ओरडले आणि तू लपवून खायला लागलीस. कच्चे तांदूळ, खडू, माती, बर्फ असलं काही खावंसं वाटणं हे लोह कमी असल्याचं जुनं लक्षण आहे. दुपारी तू आडवी होतेस, गच्चीचा जिना चढताना मधल्या पायरीवर कठडा धरून ‘मोगरा बघते’ म्हणतेस. घरात सगळे म्हणतात वय झालं. बाबांना बासष्टाव्या वर्षी म्हातारं म्हटलं तर त्यांनी रामबाग डोक्यावर घेतली, आणि तुझं एकोणसाठीतच वय झालं, हे कुणाला खटकलं नाही.

आता काय करायचं ते. येत्या सोमवारी बाबा तुला लॅबमध्ये घेऊन जातील. बाबा, ‘ती जाईल’ नाही, तुम्ही न्याल. पूर्ण सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, बी-12, थायरॉईड, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, आणि शौचात न दिसणारं रक्त तपासण्याची टेस्ट. बी-12 यासाठी की आपलं घर शाकाहारी, आणि लोह व बी-12 दोन्ही कमी असलं तर पेशींचा सरासरी आकार ठीक दिसून लॅबचा कागद फसवतो. रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जा. ते एंडोस्कोपी, म्हणजे नळीतून पोट आतून बघायचं, म्हणाले तर ‘नवरात्र झाल्यावर बघू’ असं सांगून येऊ नका.

आई, रिपोर्ट येण्याआधी शेजारच्या काकूंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या सुरू करू नकोस, आकडे बदलतात. डॉक्टरांनी दिल्या की त्या लिंबू-पाण्याबरोबर घे. चहाबरोबर नको, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच, दोन्ही लोह अडवतात. जेवल्या जेवल्या चहा टाकायची सवय तासभर पुढे ढकल. शौचाला काळं होईल, त्याला भिऊ नकोस, ते गोळीचं असतं. गोळी घेण्याआधीच काळं होत असेल तर मात्र लगेच सांग. हिमोग्लोबिन वर आलं तरी पुढे काही महिने गोळ्या चालतात, कारण शरीरातला साठा भरायला वेळ लागतो. बीट आणि पालक खा, चवीला छान असतात, पण 9.6 वरून बारावर ते एकटे नेत नाहीत. नऊ दिवस साबुदाणा आणि चहावर काढायचे हे यंदा नाही. देवीला मी बडोद्यातून समजावते.

तू फोनवर म्हणालीस, ‘मग साठीच्या आत मला बरं करा, एकदा तरी देऊन टाकते.’ नाही. तुझं रक्त कुणाला देण्यासाठी नाही वाढवायचं. तुझ्यासाठी वाढवायचं.

मी सर्वपित्रीच्या आधी येते. रात्री अवंतिका एक्स्प्रेसला बसले की सकाळी इंदूर. बाबा, स्टेशनवर येऊ नका, मी रिक्षानं येईन. रिपोर्ट मिळाले की फोटो पाठवा, मागच्या वेळी अर्ध्या कागदावर तुमचा अंगठाच होता.

तुमची लेक

ता. क. मंडळाच्या सेक्रेटरींनी मधुमेहाचं विचारलं होतं. गोळ्यांवर साखर आटोक्यात असेल आणि गेल्या चार आठवड्यांत डोस बदलला नसेल तर बाकी तपासणी ठीक असल्यास चालतं. इन्सुलिनवर असलेल्यांचं घेत नाहीत. टॅटू काढून वर्ष झालं नसेल तर तेही नाही, आणि पुरुषांनी दोन वेळांमध्ये 90 दिवस, बायकांनी 120 दिवस जाऊ द्यायचे. हे पत्रक छापणार असतील तर मला आधी पाठवायला सांगा, मागच्या वर्षीच्यात ‘हिमोग्लोबिन 125’ छापलं होतं.