पाव्हण्यांना सांगा, पण गल्ली विचारून

टिळकवाडी, बेळगाव

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, लेकीनं टाकी धुण्याचं, प्लंबिंगचं आणि लाईट फिटिंगचं काम सुरू केलंय हे सगळ्या पाव्हण्यांना सांगतो. जरूर सांगा, फक्त आधी त्यांचं घर कुठल्या गल्लीत आहे ते विचारा. आपली कामाची माणसं अनगोळात असताना काकतीहून एक नळ बदलायला बोलावणं आलं, तर जाण्यायेण्यातच तास-दीड तास जातो. तेवढ्यात अनगोळातच एक टाकी धुऊन होते. म्हणून पहिलं वर्षभर अनगोळ, टिळकवाडी, वडगाव, शहापूर एवढाच भाग धरायचा.

नवं गिऱ्हाईक झालेल्या कामाच्या शेजारीच मिळतं. टाकी धुऊन झाली की साहित्य गाडीत भरायच्या आधी डावं, उजवं आणि समोरचं, अशा तीन घरी जायचं. म्हणायचं एवढंच, "शेजारची टाकी आत्ता धुतली, माणसं अजून इथंच आहेत, तुमची नुसती बघून सांगू का?" बघायचे पैसे घ्यायचे नाहीत. दुपारी एक ते चार कुणाचं दार वाजवायचं नाही, म्हातारी माणसं झोपलेली असतात.

टाकी धुवायला लोक नको म्हणतात ते पैशांमुळे कमी, पाणी वाया जाईल म्हणून जास्त. जिथं 24 तास पाणी नाही तिथं ही भीती खरीच आहे. म्हणून पाणी कुठल्या दिवशी येतं ते विचारून त्याच्या आदल्या दिवशी जायचं, तेव्हा टाकी तशीही तळाला गेलेली असते. औषधाचं प्रमाणही नीट समजावून सांगायला हवं. 1000 लिटरची टाकी भरून औषध घालायचं तर 33 टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर 150 ग्रॅम लागते, आणि चार तासांनी ते सगळं पाणी सोडून द्यावं लागतं. पाणी तोकडं असेल तिथं गाळ काढून, घासून झाल्यावर 10 लिटरच्या बादलीत 6 ग्रॅम पावडर कालवायची, निवळलेलं पाणी फडक्यानं आतून सगळीकडे लावायचं, अर्धा तास थांबून धुऊन टाकायचं. दोन बादल्यांत भागतं. हे ऐकलं की नको म्हणणारी बाई दार पूर्ण उघडते. पावडर मात्र झाकणाच्या डब्यातच हवी. आपल्याकडच्या पावसात उघड्या पिशवीतली पावडर ओल धरते आणि तिचा जोर जातो.

जाताना स्टिकर लावायचा, तारीख आणि फोन नंबर लिहून. टाकीवर लावायचा नाही, गच्चीवर चढून तो कोण वाचतो? मोटरच्या बटणाशेजारी लावायचा, तिथं रोज हात जातो. सहा महिन्यांनी फोन तिथूनच येतो. मजकूर कन्नड आणि मराठी दोन्हीत. दुकानाच्या पाटीचं तर 2024 पासून कायद्यानंच ठरलंय, 60 टक्के कन्नड.

बाबा, आणखी एका घराची खास चौकशी करा. मुलं पुण्याला, गोव्याला नाहीतर बेंगळुरूला आणि आई-वडील इथं एकटे, असं घर. तिथं काम सांगणारा आणि पैसे देणारा लांब असतो, म्हणून कामाआधीचा, कामानंतरचा आणि बदललेल्या जुन्या सामानाचा, असे तीन फोटो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचे. कोण येणार त्याचं नाव आणि फोटो आदल्या रात्रीच कळवायचं. मिलिटरीतल्या माणसांच्या घरीही असंच, आणि तिथं पहिल्यांदा मी स्वतः जाते. अशा घरांचा विश्वास मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

जाहिरातीवर फार खर्च नको. पेपरात घालून वाटलेली पत्रकं लोक रद्दीत टाकतात. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानदाराकडे 20 कार्डं ठेवावीत, सामान त्याच्याकडूनच घ्यावं आणि पैसे त्याच दिवशी चुकते करावेत. गूगलवरचं प्रोफाइल फुकट आहे. अभिप्राय काम झालं त्याच दिवशी मागायचा, पण त्याबदल्यात सूट द्यायची नाही, गूगलला ते चालत नाही. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, पण आपला नंबर ज्यांनी साठवलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून निघताना नंबर साठवून घ्यायला सांगायचं. पहिल्या पावसानंतर गढूळ पाणी आलं की निरोप टाकीचा, चतुर्थीच्या आधी मखराच्या लाईटचा. वडगावात मंगाई यात्रेला पाव्हणे भरतात, तिथं पंधरा दिवस आधीच.

आई, फोन तू घेणार म्हणालीस, त्याचा मला मोठा आधार आहे. मी शिडीवर असले की फोन वाजून बंद होतो, आणि दहा मिनिटांत उलटा फोन गेला नाही तर माणूस दुसऱ्याला बोलावतो. "नळ गळूलाय, कवा येतासा?" असा फोन आला की आधी गल्ली आणि खूण विचार. कन्नड बोलणारं कुणी असेल तर "मनी यल्लि री?", म्हणजे घर कुठं आहे, असं विचार. हे तुझ्यासारखं मला जमत नाही. मग काम काय, टाकी किती लिटरची, कितव्या मजल्यावर. भाव सांगू नकोस, बघायला येण्याचे 150 रुपये आणि काम दिलं तर ते बिलात वळते, एवढंच सांग. शेवटी विचार, आमचा नंबर कुणी दिला? शेजारी, दुकान, स्टिकर, गूगल, पाव्हणे अशा पाच रकान्यांत रेघ मार. महिनाभरानं ज्या रकान्यात रेघा नाहीत, तिथला खर्च मी बंद करणार आहे.

वही आणि दोन पेनं रविवारी खानापूरला येताना घेऊन येते. रकाने आखून ठेवलेत, आणि तुला चष्म्याशिवाय दिसावेत म्हणून वरची नावं मोठ्या अक्षरांत लिहिलीत.

तुमची लेक