मामाच्या धाकटीला हे वाचून दाखवा

कळंबोली, रविवार रात्र

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "मामाच्या धाकटीला तूच समजाव, तुझं बघून तिनंही ट्रकचं खूळ घेतलंय." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. पण तिला "येऊ नकोस" म्हणायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून लिहिते. गाडी स्टील मार्केटात उभी आहे, उद्या दुपारशिवाय भरणार नाही. बाबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचावं, तिला समोर बसवून.

आधी लायसन्स. कुणी एजंट तिला म्हणतोय की दोन महिन्यांत हेवी, म्हणजे ट्रकचं लायसन्स, काढून देतो. साफ खोटं. ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला वयाची २० वर्षं पूर्ण लागतात, आणि तसल्या गाडीचं शिकाऊ लायसन्स मिळायच्या आधी हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर हातात असावं लागतं. ती आत्ता १९ची. म्हणजे मामाच्या जीपवर हात बसवावा, लायसन्स काढावं आणि वर्ष जाऊ द्यावं. त्या वर्षात टायर बदलायला शिकली तर सोनं. पहिल्यांदा मी पान्यावर उभी राहून उड्या मारत होते आणि नट जागचा हलत नव्हता. पान्याच्या दांड्यात लांब पाइप घालायचा, मग बाईमाणसाच्या हातालाही नट सुटतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, बघणारे चारजण नुसते हसत होते.

ती सारखी योगिता रघुवंशींचं नाव घेते ना? बाई खऱ्याच आहेत, मूळच्या आपल्या नंदुरबारच्या, भोपाळला राहणाऱ्या, वकिलीची पदवी घेतलेल्या. पण नवरा गेल्यावर दोन लेकरं सांभाळायला त्या ट्रकवर चढल्या. नुसता फोटो पाहून निघालेली पोरगी पहिल्या पावसात परत येते.

बाबा, तुम्ही तीस वर्षं वाशीच्या मार्केटात गोण्या उतरवल्यात. ड्रायव्हर लोकांचं पिणं, शिवीगाळ, रात्रीच्या गोष्टी तुम्ही डोळ्यांनी पाहिल्यात. म्हणून मी केबिनीत चढले तेव्हा तुम्ही दोन महिने बोलला नाहीत. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण ज्याची भीती घेऊन मी निघाले ते एका बाजूला राहिलं आणि भलतंच समोर आलं. एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती, ती आता सांगते.

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून गूळ घेऊन वाशीला येत होते. गाडी पहाटे मार्केटात लागायला हवी होती. उशीर झाला की दुसऱ्या दिवसावर जाते, हे तुम्हाला मी काय सांगणार! मला गाडी शिकवणारे वस्ताद मागच्या बर्थवर झोपलेले. खंडाळा मागं पडलं, उतार लागला, आणि वेळ भरून काढायच्या नादात मी पाचवा गिअर तसाच ठेवला. वेग वाढला की ब्रेकवर पाय, सोडला, पुन्हा पाय. चार वळणं गेली आणि केबिनीत करपट वास आला, रिकामा तवा चुलीवर विसरल्यासारखा. ब्रेक दाबला तर गाडी हवी तशी धरेना. वस्ताद त्या वासानंच उठले. ओरडले नाहीत. म्हणाले, "एकदाच घट्ट दाब, वेग पाड, तिसरा टाक, मग पाय काढ." एक्झॉस्ट ब्रेकचं, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग पाडणाऱ्या ब्रेकचं, बटण त्यांनी स्वतः दाबलं. गिअर पडला, इंजिन गुरगुरलं, आणि बारा टायरची गाडी कुणी शेपटीला धरावी तशी मागं खेचली गेली. खोपोलीच्या खाली सपाटीला थांबलो तर ड्रममधून धूर निघत होता. मी पाण्याचा कॅन उचलला, त्यांनी माझा हात धरला. तापलेल्या ड्रमवर पाणी मारलं की तडा जातो. हँडब्रेकसुद्धा ओढायचा नाही. चाकांखाली लाकडी ठोकळे लावले आणि तासभर दोघंही गप्प बसलो. गाडी मार्केटात दुसऱ्या दिवशीच लागली.

तेव्हा धाकटीला एवढं तरी घोटून सांगा: गिअर खाली घ्यायचा तो घाटाच्या माथ्यावर, उतार लागल्यावर नाही. ज्या गिअरनं घाट चढलीस, साधारण त्याच गिअरनं उतर. डिझेल वाचवायला कुणी न्यूट्रल टाक म्हणाला तर त्याच्या गाडीत बसू नकोस. आणि निघताना ब्रेकच्या हवेच्या काट्याकडं बघ, प्रेशर भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

दुसरी गोष्ट आई, तुला वाचायला अवघड जाईल. पहिले तीन महिने मी पाणीच पीत नव्हते, संडास कुठं सापडेल या धास्तीनं. मग लघवीला जळजळ, ताप, आणि कराडला दोन दिवस सलाईन. तुला मी 'गाडी बिघडलीय' म्हणून सांगितलं होतं. बिघडले होते मी. आता डिझेल भरू वा न भरू, पंप दिसला की थांबते. पंपावर संडास आणि प्यायचं पाणी फुकट द्यावंच लागतं, कुलूप असेल तर किल्ली मागायची, लाजायचं नाही. कुठल्या पंपाचं संडास स्वच्छ, कुठं आतून कडी लागत नाही, सगळं वहीत लिहून ठेवलंय. ती वही मी तिला देईन. पाळीचे दिवस त्यातच आले, गडद रंगाची सलवार आणि सीटखाली वेगळी पिशवी, एवढ्यावर निभतं.

रात्रीचं म्हणाल तर गाडी उजेडात लावायची, पंपाच्या किंवा गजबजलेल्या धाब्याच्या, तोंड रस्त्याकडं करून. दोन्ही दारांचे हँडल आतून पट्ट्यानं एकमेकांना बांधायचे. कुणी विचारलं तर "वस्ताद मागं झोपलेत", ते असोत नसोत. व्हॉट्सॲपवर कुठं थांबलोय ते टाकायचं नाही. ११२ तर आहेच, हायवेवर गाडी बंद पडली तर १०३३. खरं सांगू, धाब्यावरचे बहुतेक लोक चहाचे पैसे घेत नाहीत, उलट नको इतकी चौकशी करतात. त्रास देणारा एखादाच असतो, पण त्या एकासाठी रोज पट्टा बांधायचा.

झोपेपुढं मात्र काही चालत नाही. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली होती. मालकाच्या फोनला ते माहीत नसतं. "कुठं पोचलीस?" एवढंच येतं. समृद्धीवर तर आणखी वाईट, सरळसोट काँक्रीट, वळण नाही, डोळे उघडे आणि मन झोपलेलं. मी मालकाला पहिल्याच महिन्यात सांगितलं, पहाटे तीन ते पाच माझी गाडी उभी राहील. कुरकुरला. नंतर ईवे बिलाचं, म्हणजे मालासोबतच्या ऑनलाइन कागदाच्या मुदतीचं, गणित मांडून दाखवलं: २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि गाडी अडकली तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यावर आठ तासांपर्यंत वाढवता येते. मग गप्प झाला.

मालाचं मात्र मी तुमच्याकडूनच शिकले, बाबा. "मागं जड भरलं की पुढची चाकं हलकी होतात" हे तुम्ही जेवताना सांगायचात, तेव्हा मला कंटाळा यायचा. आता मी भरताना शेजारी उभी राहते आणि वजनकाट्याची पावती बघितल्याशिवाय ताडपत्री बांधू देत नाही. जादा माल सापडला तर २० हजार दंड, शिवाय वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. मार्केटातले माथाडी मला 'पाव्हणी' म्हणतात. तुमचं नाव सांगितलं की वाराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरून, वाद होत नाही.

एक सल मात्र आहे. तुमच्या पिढीला १९६९चा माथाडी कायदा मिळाला, बोर्ड मिळालं, फंड मिळाला. आमच्यात पगार ट्रिपवर, आणि आजारी पडलं की ट्रिप गेली. धाकटीनं येण्याआधी मालकाकडून विम्याचा आणि पगाराचा कागद लिहून घ्यावा. तोंडी काही नको.

गणपतीआधी मी तिला दोन दिवस कळंबोलीला बोलावते. माझ्या शेजारी बसेल, स्टीअरिंगला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. टायर ठोकून बघायला लावीन, ताडपत्री ओढायला लावीन, पंपाच्या संडासात पाठवीन. मग ठरवू दे तिचं तिनं. मामाला म्हणावं, मी तिला फूस लावत नाहीये.

आणि बाबा, तुमचा तो गोणी ओढायचा लोखंडी आकडा माळ्यावरच असेल तर तिच्याबरोबर पाठवा. ताडपत्रीची ओली रस्सी हातानं ओढवत नाही, साल निघतं.

तुमची थोरली