क्लच बदलला, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

बाबांच्या गुडघ्याचे टाके सुकत आले, काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात, हे दादाने कळवलं. बरं वाटलं. ट्रॅक्टरच्या क्लचचं मात्र फोनवर सांगायला घेतलं की बाबा अर्ध्यातच "ॲडजस्ट करून घे, होते बरोबर" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून लिहूनच पाठवते आहे. आई, तू वाचून दाखव, पण मधलं गाळू नको.

बाबा, ॲडजस्ट करायला काही उरलंच नव्हतं. शेणखताची ट्रॉली नाल्याच्या चढावर आली की इंजिन बोंबलायचं, चाकं जागची हलायची नाहीत आणि वर जळका वास. मिस्त्रींनी वरचा गियर टाकला, ब्रेक दाबून धरला नि क्लच सोडला. इंजिन बंद पडायला पाहिजे होतं, ते खुशाल चालू! क्लचची प्लेट झिजत गेली की फिंगर, म्हणजे क्लच सोडवणारे छोटे लिव्हर, मागे येऊन बेअरिंगला टेकतात, पेडलचा प्ले, म्हणजे मोकळी चाल, संपतो आणि पाय न लावताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. आपण दरवर्षी रॉड सैल करून प्ले वाढवत आलो. या खेपेला रॉडचे आटेच संपले.

मग कडुनिंबाखाली घेऊन खोलला. नऊ वाजले की पाना हाताला चटके देतो, म्हणून उजाडायच्या आतच लागायचो. बॅटरी, डिझेलचे पाइप, स्टिअरिंगचा रॉड सोडवला. पुढच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरा ठोकल्या, कारण पुढचा भाग मधल्या पिनवर डुलतो. मागचा आधार सुटला की इंजिन कलंडायला वेळ लागत नाही. खाली जॅक आणि ओंडके लावले, मधले बोल्ट काढले आणि मागचा भाग त्याच्याच चाकांवर हळूहळू मागे लोटला. सालदार काका दर वेळी "सबूर, सबूर" ओरडत होते, तेवढंच त्यांचं काम.

आत पाहिलं तर प्लेटचं लायनिंग रिव्हेटपर्यंत गेलेलं, रिव्हेटची डोकी चकचकीत, आणि त्यांनी फ्लायव्हीलवर गोल गोल चरे पाडलेले. खालच्या बाजूला काळं, ओलसर तेल. क्रँकचं मागचं ऑइल सील गळत होतं. सील तसंच ठेवून नुसती प्लेट टाकली असती तर नवीन प्लेटही तेल पिऊन घसरली असती. सील बदललं, फ्लायव्हील यवतमाळला लेथवर घासून आणलं, दोन्ही बेअरिंग नवीन टाकली. पोरगं आतली धूळ हवेने उडवायला निघालं होतं. मी ओल्या फडक्याने पुसायला लावली. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जायला नको.

प्लेट बसवताना मधोमध राहावी म्हणून जुन्या शाफ्टचा तुकडा घातला. सगळे फिंगर एका उंचीचे पाहिजेत, नाहीतर क्लच थरथरतो. मिस्त्रींनी पत्र्याचं माप कापून एकेक फिंगर तपासला, यात त्यांना घाई चालत नाही. जोडणीने मात्र रडवलं. शाफ्टचे दाते प्लेटमध्ये शिरेनात. बोल्ट आवळून जबरदस्ती केली की प्लेटच वाकते, म्हणून फ्लायव्हील हाताने केसभर फिरवायचं, पुन्हा लोटायचं. शेवटी खट्‌कन बसलं आणि दोन्ही भाग आपसूक टेकले.

पेडलचा प्ले आईच्या शिवणाच्या टेपने मोजला, इंचभर ठेवला. आपला डबल क्लच. अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पूर्ण दाबलं की पीटीओ, म्हणजे रोटाव्हेटर फिरवणारा मागचा शाफ्ट. रोटाव्हेटर लावून दोन्ही पाहून घेतलं. गियर आवाज न करता पडतो. नवीन प्लेट जरा बसली की प्ले पुन्हा कमी होईल, तेव्हा मी परत मोजेन. मृग लागायच्या आत खालच्या वावरात एक पाळी द्यायचीच आहे.

बाबा, एक सांगते, रागावू नका. रोटाव्हेटर मारताना तुमचा डावा पाय पेडलवरच विसावलेला असतो. त्या वजनाने बेअरिंग फिरत राहतं आणि प्लेट घसरते. आता ऑपरेशनही डाव्याच गुडघ्याचं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत सीटवर बसायचं नाही. नंतर बसाल तेव्हा पाय फूटबोर्डवर. आई, लक्ष तुझं.

खर्चाची चिठ्ठी सोबत पाठवते. ती बाबांच्या आधी तू बघ.

बाकी ठीक. धुऱ्यावरच्या आंब्याच्या कैऱ्या उतरवल्यात, पाडाला लागायच्या आत लोणचं घालून घेते. मोहरीची डाळ किती घ्यायची, तेवढं फोनवर सांग.

तुमची
ताई