मॉलमधली चिमणी

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, ऑफिसजवळ मॉल सोडला तर बघण्यासारखं काही नाही," असं फोनवर म्हणालीस. अगं, त्याच मॉलच्या आवारात उंच चिमणी आहे, ती फिनिक्स मिलची. गिरणी १९०५ सालची.

तुझे आजोबा तिथल्याच एका दुसऱ्या गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू येत नसे, सगळं हातवाऱ्यांवर. म्हणून घरीसुद्धा ते ओरडूनच बोलायचे. कोरड्या हवेत सूत तुटतं, त्यामुळे खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या साधनात, सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यायचं. कापसाची धूळ थेट छातीत. आणि याच उष्ट्या धोट्याच्या विटाळापायी दलित कामगारांना साचाखात्यात शिरू देत नसत. पगार मात्र तिथेच जास्त! १९२८च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. आजोबा यावर कधी बोलले नाहीत, मी विचारलंही नाही.

एखाद्या शनिवारी पायी निघ. लोअर परळचा पूल ओलांडून ना. म. जोशी मार्गाला लाग. तिथल्या बीडीडी चाळी शंभरेक वर्षांच्या, १६० चौरस फुटांची एकेक खोली. त्यांच्या जागी आता टॉवर येताहेत, तेव्हा लवकर जा. पुढे करी रोडचा पूल उतरलीस की समोर भारतमाता टॉकीज. मराठी सिनेमाचं हे हक्काचं थिएटर इंडिया युनायटेड मिल नंबर एकच्या जागेत आहे. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप मागे घेतल्याचं कुणी रीतसर सांगितलंच नाही. आजोबा त्यानंतर गावीच राहिले.

याच इंडिया युनायटेडची सहा नंबरची गिरणी म्हणजे दादरची इंदू मिल, जिथे बाबासाहेबांचं स्मारक होतंय. धोट्याची गोष्ट ठाऊक असली की ती जागा वेगळीच दिसते. चैत्यभूमीवर जाशील तेव्हा तिकडेही नजर टाक.

लालबागला चिवडा गल्लीत थोडं रेंगाळ. आईला तिथला मसाला हवाय, मिरच्या कुठल्या ते तीच फोनवर सांगेल. दुपारी जाऊ नकोस, ऊन फार.

तुझे,
बाबा