जुना कॉम्प्युटर, नवा अँटिव्हायरस आणि तीन व्होल्टचा सेल

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्यावर पतसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या, शाळांची कार्यालये, छोटे दवाखाने आणि सी. ए. मंडळींची ऑफिसे यांतून एकच उत्तर ऐकू येते, "चांगला अँटिव्हायरस टाकून घेऊ, निघेल अजून दोन वर्षं." आम्हा संगणक देखभाल करणाऱ्यांना 'कुठला चांगला?' हा प्रश्न रोज विचारला जातो. 'आहे तो शेवटचा कधी अपडेट झाला?' हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. क्विक हील आणि नेट प्रोटेक्टर तर आपल्या पुण्यातलेच. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा डिफेंडर फुकट बसलेला असतो. यांतला कुठलाही नीट बसवला आणि ताजा ठेवला तर ऑफिसच्या कामाला पुरतो. दहा-बारा वर्षांच्या यंत्रावर तो नीट बसत नाही, त्याची कारणे बहुतेक वेळा अँटिव्हायरसच्या बाहेर असतात.

सगळ्यात आधी पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. वर्ष २००९ किंवा २०१२ दिसत असेल तर जगातला कुठलाही अँटिव्हायरस अपडेट होणार नाही. अपडेट देणारा सर्व्हर आपली ओळख एका डिजिटल प्रमाणपत्राने पटवतो आणि त्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. २०२५ मध्ये निघालेले प्रमाणपत्र २००९ मध्ये बसलेल्या यंत्राला अजून सुरूच न झालेले वाटते आणि ते जोडणी नाकारते. पडद्यावर मात्र 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' एवढेच येते. मग ऑफिस इंटरनेटवाल्याला फोन लावते आणि तो येऊन राउटर बंद-चालू करून जातो.

दोष असतो मदरबोर्डवरच्या सेलचा. साधारण रुपयाच्या नाण्याएवढा हा चपटा सेल ३ व्होल्टचा. त्याचा नंबर सीआर २०३२, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. दुकानदार कधी २०२५ नंबरचा देऊ पाहतो. तो घेऊ नका, पातळ असल्याने खाचेत सैल बसतो. कॉम्प्युटरची पिन भिंतीवरच्या चालू बोर्डात असेपर्यंत घड्याळ पॉवर सप्लायवर चालते, सेल लागतो तो मेन स्विच बंद झाल्यावर. म्हणूनच ज्या ऑफिसात रात्री मेन स्विच पाडून जातात तिथे सेल लवकर दगा देतो आणि सोमवारी सकाळी हमखास तारीख गेलेली असते. रोज हाताने तारीख घालून दिवस काढणारी ऑफिसे थोडी नाहीत. टॅलीत एखाद्या दिवशी चुकीच्या तारखेची व्हाउचरे पडतात ती त्यामुळेच.

सेल बदलणे पाच मिनिटांचे काम आहे, पण एक काळजी घ्या. सेल काढला की बायोसमधली, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधली, सगळी मांडणी बहुधा मूळ पदावर जाते. त्यात हार्डडिस्कचा 'साटा मोड' असतो, म्हणजे डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलायचे ते; एएचसीआय ही नवी पद्धत, आयडीई ही जुनी. विंडोज एएचसीआय मोडवर बसवलेले असेल आणि मूळ पद आयडीई असेल, तर सेल बदलल्यावर विंडोज सुरू होताहोता निळा पडदा येतो. मग कोणीतरी घाईने 'विंडोज उडाली, फॉरमॅट मारावा लागेल' असे सांगतो. म्हणून आधी बायोसमध्ये जाऊन त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग पिन काढा, पॉवरचे बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, डब्याची बाजू उघडा आणि सेलशेजारची पत्र्याची चिमटी हलकेच बाहेर ढकला. नवा सेल अधिकची खूण वर ठेवून बसवा. मग बायोसमध्ये फोटोत पाहून साटा मोड पूर्वीसारखा करा आणि तारीख-वेळ हाताने घाला. इंटरनेटवरून आपोआप होईल या भरवशावर राहू नका. तारखेत मोठा फरक असेल तर विंडोज सुरक्षेच्या कारणासाठी वेळ जुळवायला नकार देते.

यानंतरचा नेहमीचा घोळ म्हणजे एका यंत्रावर दोन अँटिव्हायरस. जुन्याची मुदत संपली, नवा डबा आला, तो त्यावरच चढवला. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये उभे राहतात. पहिला तपासायला म्हणून फाइल उघडतो, ते उघडणे दुसरा तपासतो. २ जीबी रॅमच्या यंत्रावर एक्सेलची साधी शीट उघडायला मिनिटभर लागते ते अशा वेळी. जुना काढायचा तर 'कंट्रोल पॅनेल'मधून अनइन्स्टॉल करावा, रीस्टार्ट करावा, मग त्याच कंपनीचे स्वतःचे रिमूव्हल टूल तिच्याच संकेतस्थळावरून उतरवून चालवावे आणि पुन्हा रीस्टार्ट करावा. दोन्ही रीस्टार्ट हवेतच, कारण ड्रायव्हरच्या काही फाइली यंत्र सुरू होतानाच निघतात. 'प्रोग्रॅम फाइल्स'मधला फोल्डर डिलीट करून जुना अँटिव्हायरस जात नाही. उलट अर्धवट ड्रायव्हर मागे राहतो, आणि तो नेटवर्कशी जोडलेला असेल तर इंटरनेटच बंद पडते.

विंडोज ७ अजून वापरणारे बरेच आहेत. त्यांना 'फेकून द्या' म्हणणे सोपे आहे, पण डीटीपीच्या दुकानात जुन्या श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे डोंगल (ते चालवायला लावावी लागणारी कळ) आणि त्यावर टाइप केलेला वीस वर्षांचा मजकूर असतो. तिथे यंत्र बदलणे म्हणजे धंदा बदलण्यासारखे. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा मोफत आधार १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. अँटिव्हायरसच्या ताज्या आवृत्त्या बऱ्याचदा त्यावर बसत नाहीत, त्यामुळे विकत घेण्याआधी कंपनीच्या पानावर 'विंडोज ७ सर्व्हिस पॅक १' (अपडेटांचा एकत्र गठ्ठा) असा स्पष्ट उल्लेख आहे का ते पाहावे. आपल्याकडे सर्व्हिस पॅक आहे का हे कळायला विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून 'विनव्हर' हा शब्द इंग्रजीत टाइप करावा. छोट्या चौकटीत लिहिलेले येते.

सर्व्हिस पॅक असूनही सेटअप शेवटापर्यंत जाऊन मागे फिरतो, किंवा बसतो पण 'संरक्षण बंद' असे लाल दाखवतो. याचे कारण सही. अँटिव्हायरसच्या ड्रायव्हरवर कंपनीची डिजिटल सही असते आणि २०१९ पासून ती 'शा-२' या नव्या पद्धतीची झाली. मूळ विंडोज ७ ला ही सही वाचता येत नाही, म्हणून तो ड्रायव्हर चालूच देत नाही. उपाय दोन अपडेटांचा, आणि तोही याच क्रमाने: आधी केबी ४४९०६२८, रीस्टार्ट, मग केबी ४४७४४१९, पुन्हा रीस्टार्ट. दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवर मिळतात. ३२ बिट की ६४ बिट ते पाहून उतरवावीत. अँटिव्हायरसचा सेटअपही याच हिशेबाने घ्यावा. विंडोज ७ मधल्या डिफेंडरच्या भरवशावर राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, नाव तेच असले तरी तो फक्त स्पायवेअर पाहतो. खरा अँटिव्हायरस असलेला डिफेंडर विंडोज ८ पासून आला.

यंत्राचा दम किती, हेही बघायला हवे. सी ड्राइव्हवर ५ जीबी तरी मोकळी हवी, कारण अपडेट आधी उतरते, मग उलगडते, आणि जुनी प्रत लगेच पुसली जात नाही. जागा नसेल तर अपडेट अर्ध्यावर अडकते आणि रोज तेच शेकडो एमबी पुन्हा उतरत राहते. डाउनलोड्सचा फोल्डर आणि 'डिस्क क्लीनअप' एवढ्यावर बहुधा भागते. २ जीबी रॅम असेल तर ४ करा. ३२ बिट विंडोजवर त्याहून जास्त घालण्यात अर्थ नाही, तिला ती दिसतच नाही. आणि पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर रॅमच्याही आधी २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, घ्या. जुन्या फिरत्या डिस्कवर अँटिव्हायरस 'जड' वाटतो, तो बहुतांशी डिस्कचाच जडपणा असतो.

सकाळी दहाला यंत्र उघडत नाही, ही तक्रारही इथलीच. आठवड्याचा पूर्ण स्कॅन रात्री दोनला लावलेला असतो, ऑफिस संध्याकाळी सातला कुलूप लावते. चुकलेला स्कॅन सकाळी यंत्र चालू होताच सुरू होतो. मग शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे अँटिव्हायरसला शिव्या देतात आणि कोणीतरी तो 'तात्पुरता' बंद करून ठेवतो. स्कॅन जेवणाच्या सुट्टीत लावा, रोज झटपट स्कॅन आणि पूर्ण स्कॅन एखाद्या शनिवारी.

अपडेट झाले का हे हिरव्या खुणेवरून कळत नाही. मुख्य खिडकीत 'व्हायरस डेटाबेस' किंवा डिफेंडरमध्ये 'सिक्युरिटी इंटेलिजन्स' याच्यासमोर तारीख असते, ती आजची किंवा कालची हवी. विंडोज १० मध्ये ती नसेल तर दोन जागा तपासा. एक, कोणी विंडोज अपडेटची सेवाच बंद करून ठेवली आहे का? डिफेंडरचा रतीब मुख्यतः त्याच वाटेने येतो आणि 'मशीन स्लो होते' म्हणून ती वाट बंद करून जाणारे पुष्कळ आहेत. दुसरे, इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घेता का? ती जोडणी 'मीटर्ड', म्हणजे डेटा जपून वापरायची, म्हणून नोंदली असेल तर अपडेट अडते. डिफेंडरचे हे रोजचे अपडेट विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत देत राहू, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. त्याने नवे व्हायरस ओळखू येतील, खुद्द विंडोजमधली भोके बुजणार नाहीत. ती बुजवणारी अपडेट संस्थांना वर्षाची वेगळी वर्गणी भरून जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात.

भोक म्हणजे काय ते १२ मे २०१७ ला जगाने पाहिले. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे वॉनाक्राय नेटवर्कमधून आपण होऊन पसरले, कोणाला कुठे क्लिक करावे लागले नाही. त्यावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्या जुन्या 'एसएमबी १' (नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत) दाराने ते शिरले ते दार आजही कित्येक ऑफिसांत उघडे आहे, कारण जुन्या झेरॉक्स मशीनचा 'स्कॅन टू फोल्डर' त्याच्यावाचून चालत नाही. अशा मशीनवरून स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या आणि ते दार बंद करा.

इंटरनेट नसलेल्या यंत्रावर अपडेट पेनड्राइव्हने करता येते. डिफेंडर आणि बहुतेक कंपन्या ऑफलाइन फाइल देतात. आठवड्यातून एकदा दुसऱ्या यंत्रावर ती उतरवा, तिथेच पेनड्राइव्ह तपासा, मग इकडे लावा. पेनड्राइव्हवर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले तर उघडू नका आणि फॉरमॅटही करू नका. खरे फोल्डर लपवलेले असतात. आधी स्कॅन, मग 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये 'लपवलेल्या फाइल दाखवा' निवडून 'संरक्षित सिस्टिम फाइल लपवा' यावरची खूण काढली की ते फिकट रंगात दिसतात. बॉट (यंत्र परस्पर दुसऱ्याच्या ताब्यात देणारे प्रोग्रॅम) काढण्याची काही साधने भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. २०१७ पासून ते चालू आहे, पण फारसे कोणाला ठाऊक नाही.

आता थोडे कटू. क्रॅक केलेल्या विंडोजवर विकतचा अँटिव्हायरस बसवणे म्हणजे खिडकी काढून दाराला कुलूप लावणे. चोरीची विंडोज खरी भासवणारा ॲक्टिव्हेटर चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो आणि तो पुन्हा धरू नये म्हणून 'एक्स्क्लूजन'च्या, म्हणजे तपासायचे नाही अशांच्या, यादीत आख्खा सी ड्राइव्ह टाकून ठेवतात. ही यादी आज उघडून पाहाच. टॅलीचा वेग वाढावा म्हणून डी ड्राइव्हही त्यात घातलेला सापडेल. हवाच असेल तर फक्त टॅलीचा डेटा फोल्डर ठेवा, बाकी सगळे काढा.

बसवून झाल्यावर परीक्षा घ्यायला 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ आहे. जगभरच्या अँटिव्हायरस कंपन्या ती मुद्दाम व्हायरस म्हणून ओळखतात. आयकार संस्थेच्या संकेतस्थळावरून ती नोटपॅडमध्ये चिकटवून सेव्ह करा. क्षणात फाइल उडाली पाहिजे. तशीच राहिली, तर हिरवी खूण नुसती शोभेची आहे.

शेवटी एक मागणी, विक्रेत्यांकडे आणि वार्षिक देखभालीवाल्यांकडे. बिलावर 'अँटिव्हायरस १ नग' एवढेच लिहिलेले असते. आवृत्ती, उत्पादनाची की, मुदत संपण्याची तारीख आणि नोंदणी कोणत्या मोबाइल नंबरावर व ईमेलवर केली, एवढे त्यावर असावे. नोंदणी बऱ्याचदा बसवणाऱ्या मुलाच्याच नंबरावर होते. वर्षभरात तो नोकरी बदलतो, आणि विंडोज पुन्हा टाकावी लागली की ओटीपी कोणाच्या फोनवर येतो हे ऑफिसात कोणालाच सांगता येत नाही. पैसे भरताना नोंदणी संस्थेच्या नंबरावर झाली आहे ना, हे समोर बसून करून घ्यावे.

आपला,
संगणक देखभालीच्या व्यवसायातील एक वाचक