खांडेपारच्या मेस्त्रीकाकांस आभारपत्र

आदरणीय मेस्त्रीकाका यांस,

सादर नमस्कार.

गणेश चवथीच्या आदल्या संध्याकाळी, तुमच्या मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानाचे शटर अर्धे खाली ओढून झालेले असताना, तिस्क-उसगावकडून मोटारसायकल ढकलत आलेला एक माणूस तुम्हाला आठवत असेल. मागच्या सीटवर माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचे, सामान बांधलेले होते : कांगल्यांचे झुबके, सुपारीचे कातरे आणि दोन तोरिंगे. रेनकोट असूनही तो माणूस आतपर्यंत भिजलेला होता. तो मी. त्या संध्याकाळचे आणि त्यानंतरच्या आठवड्यातल्या एका पूर्ण सकाळचे आभार मी तोंडी मानले होते, पण घरी आल्यावर ते अपुरे वाटत राहिले. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि ते उघडपणे लिहीत आहे, कारण तुम्ही मला जे दाखवलेत ते रोज दुचाकीवरून कामाला जाणाऱ्या पुष्कळांच्या उपयोगाचे आहे.

मी गोव्यातल्या फोंड्यात राहतो आणि वाळपईजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवतो. कुर्टी, खांडेपार, तिस्क आणि तिथून सत्तरी तालुक्याच्या दिशेने, असा माझा रोजचा रस्ता आहे. २०१७ साली घेतलेल्या या दीडशे सीसीच्या गाडीने कधी तक्रार केली नव्हती. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मात्र गिअर जड पडू लागले. सकाळी गाडी सुरू करून पहिला गिअर टाकला की 'खट्ट' असा आवाज होई आणि क्लच दाबलेला असतानाही गाडी पुढे उसळे. तिस्कच्या तिठ्यावर ट्रकांच्या रांगेत थांबलो की न्यूट्रल सापडत नसे. पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून परत पहिल्यात असा पाय खालीवर करत राहावे लागे, आणि शेवटी इंजिन बंद केले की न्यूट्रल सहज लागे. दुसऱ्यातून तिसरा टाकताना कधी कधी तो मध्येच अडके, इंजिन नुसतेच ओरडे आणि मागून येणाऱ्याचा हॉर्न कानात शिरे. इंजिन बंद केल्यावर न्यूट्रल सहज लागते, या एका गोष्टीत सगळे उत्तर दडलेले होते, हे मला तुमच्याकडे येईपर्यंत कळले नाही.

त्याआधी मी गाडी दोन ठिकाणी दाखवली होती. एके ठिकाणी 'तेल पातळ झाले आहे' असे सांगून पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा जाड तेल घातले गेले आणि क्लचचा ताण वाढवून दिला गेला. आठ दिवस बरे वाटले, मग परत तेच. दुसऱ्या ठिकाणी गाडी एकदा चालवून पाहून 'गिअर फोर्क (गिअर सरकवणारे काटे) गेले, इंजिन पूर्ण उघडावे लागेल' असे सांगण्यात आले आणि ११,००० रुपयांचा अंदाज हातात ठेवला गेला. चवथ तोंडावर आलेली होती. तो खर्च पुढे ढकलून मी तशीच गाडी चालवत राहिलो, आणि त्या संध्याकाळी तिस्कच्या पुढे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकून बसली.

काका, तुम्ही तेव्हा पाना हातात घेतला नाहीत. आधी प्रश्न विचारलेत, आणि ते मला शब्दशः आठवतात, कारण असे कोणी विचारलेच नव्हते. जोर दिल्यावर, चढावर, गिअर आपोआप बाहेर उडतो का? मी म्हणालो, कधीच नाही. इंजिन बंद असताना गाडी पुढेमागे हलवत गिअर टाकले तर पडतात का? मी म्हणालो, सगळे पडतात. यावर तुम्ही कोकणीत एवढेच म्हणालात, ''गिअर बरे आसात, क्लच सुटना.'' मग गाडी डबल स्टँडवर चढवून इंजिन चालू केलेत, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकलात आणि मला मागचे चाक पाहायला सांगितलेत. क्लच दाबलेला असतानाही चाक वेगाने फिरत होते. तेलाच्या ओढीने ते थोडे फिरतेच, पण ब्रेकवर नुसता पाय ठेवला की थांबायला हवे, हे सांगत तुम्ही ब्रेक हलकेच दाबलात; चाक थांबायच्या आधी इंजिनच धडधडत बंद पडले. निदान करायला तुम्हाला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत, आणि एकही नट सैल करावा लागला नाही.

मी शिक्षक आहे, त्यामुळे एखादी गोष्ट कशी समजावून सांगितली जाते याकडे माझे लक्ष आपोआप जाते. तुम्ही दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून दाखवलीत. मोटारसायकलच्या पेटीतले सगळे गिअर एकमेकांत कायम गुंतलेलेच असतात. आपण पायाने बदलतो ते दाते नव्हेत. फोर्क एका गिअरला शाफ्टवर बाजूला सरकवतो आणि त्याच्या अंगावरचे खुंट, ज्यांना तुम्ही डॉग म्हणता, ते शेजारच्या गिअरच्या खाचांमध्ये जाऊन बसतात. इंजिनचा जोर त्या खुंटांवर असेपर्यंत ते खाचेतून सहज निघत नाहीत. क्लच दाबायचा तो हा जोर काढून घेण्यासाठी. क्लच अर्धवटच सुटत असेल, तर खुंट दाबाखाली राहतात, पायाला जड लागते आणि नवीन गिअरमध्ये जाताना ते खाचेच्या कडेवर आपटतात. तोच तो 'खट्ट' आवाज. उलट खुंटांच्या कडा झिजून गोल झाल्या असत्या किंवा फोर्क वाकले असते, तर गिअर पडला तरी जोर देताच बाहेर फेकला गेला असता. माझ्या गाडीत ते एकदाही झाले नव्हते. इतका साधा फरक, पण ११,००० रुपयांच्या अंदाजात त्याची कुठेच दखल नव्हती.

मग तुम्ही लिव्हरपाशी आलात. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळी चाल हवी, असे सांगून तुम्ही बोटाने लिव्हर हलवून दाखवलात. माझी त्याच्या दुपटीहून अधिक होती आणि वरचा स्क्रू शेवटच्या आट्यापर्यंत बाहेर आलेला होता, म्हणजे ताण वाढवायला जागाच उरली नव्हती. रबरी टोपी मागे सारलीत तेव्हा दिसले की घुंडीजवळ केबलच्या सहा-सात तारा तुटून केसांसारख्या उभ्या राहिल्या होत्या आणि बाकीच्यांवर गंज चढून त्या लाल झाल्या होत्या. आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस आणि खारी हवा केबलच्या आवरणात कशी शिरते, हे मी त्या टॉर्चच्या उजेडात प्रथम पाहिले. लिव्हर पूर्ण दाबला तरी ती केबल ताणण्यातच निम्मी ओढ वाया जात होती.

दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना जे अडकत होते, त्याचे कारण आणखी वेगळे निघाले. गिअरच्या पेडलचा बोल्ट ढिला होता, त्यामुळे पेडल शाफ्टच्या खाचांवर डुलत होते आणि पायाची उचल पुरती आत पोचत नव्हती. तुम्ही माझ्या पायांकडे पाहिलेत. पावसाळी रबरी बूट होते, आणि त्यांचे जाड नाक पेडलखाली नीट शिरतच नव्हते. पेडल काढून, खाचा ब्रशने साफ करून, एक खाच वर बसवून तुम्ही बोल्ट आवळलात आणि मला गाडीवर बसवून पाय आत जातो का ते दोनदा तपासलेत. चार महिने मी ज्या दोषाला घाबरत होतो त्याचा अर्धा भाग एका बोल्टात होता.

नवी केबल घालून, तिच्या वरच्या टोकाला दुधाच्या पिशवीचा कोपरा बांधून त्यातून तेल सोडत तुम्ही उभे होतात, तेव्हा तुमच्या घरून दोनदा फोन आला. तुमच्याही घरी माटोळी बांधायची होती. तरीही तेल केबलच्या खालच्या टोकातून टपकेपर्यंत तुम्ही हलला नाहीत. त्या रात्री केबलचे पैसे तेवढे घेतलेत, मजुरी घेतली नाहीत, आणि वर बजावलेत की हे पुरते काम झालेले नाही, गणपती पोचवून झाले की गाडी घेऊन ये, क्लच उघडून पाहावा लागेल. मी दीड दिवसाचा गणपती पोचवून पुढच्या रविवारी आलो.

त्या सकाळबद्दल मला विशेष लिहायचे आहे. तुम्ही मला स्टूल दिलेत आणि बसून पाहायला सांगितलेत. आधी ते जाड तेल काढलेत. इंजिन थंड असताना जाड तेल क्लचच्या प्लेटांना, म्हणजे आत एकावर एक रचलेल्या चकत्यांना, एकमेकींना चिकटवून ठेवते, म्हणून सकाळचा पहिला गिअर सर्वांत जास्त आपटतो, हे तेव्हा सांगितलेत. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० या जाडीचे तेल लिहिलेले आहे. डब्यावर जासो एमए ही जपानी मानकाची खूण का पाहायची, तेही समजावलेत : मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, आणि मोटारीच्या तेलातले घर्षण कमी करणारे पदार्थ त्या प्लेटांना घसरवू शकतात. त्याच मानकातली एमबी ही खूण कमी घर्षणाच्या तेलाची, म्हणून ती क्लच तेलात नसलेल्या बिनगिअरच्या स्कूटरना चालते, आम्हाला नाही.

उजवीकडचे कव्हर उघडल्यावर एकेक प्लेट काढून तुम्ही जुन्या वर्तमानपत्रावर क्रमाने मांडलीत. घर्षणाच्या प्लेटा व्हर्नियरने मोजल्यात. पोलादी प्लेटा काचेच्या तुकड्यावर ठेवून खालून फट मोजायच्या फीलर गेजची पाती सरकवून पाहिलीत. एक प्लेट तापून निळसर पडलेली होती आणि तिच्या एका बाजूखालून पाती सहज आत गेली, म्हणजे ती वाकलेली होती. तुम्ही मला विचारलेत, चढावर अर्धा क्लच धरून उभा राहतोस का? मी हो म्हणालो. खांडेपारच्या पुढे गाड्यांची रांग लागली की ब्रेक न दाबता मी क्लचवरच गाडी तोलून धरत असे, वर्षानुवर्षे. तुम्ही रागावला नाहीत. ती प्लेट माझ्या हातात दिलीत आणि निळ्या डागावरून अंगठा फिरवायला सांगितलात. तेव्हापासून मी चढावर ब्रेक धरतो.

शेवटी क्लचची बास्केट, म्हणजे या प्लेटा ज्यात बसतात ते भांडे. तिच्या बोटांवर प्लेटांच्या कानांनी लहान लहान खाचा पाडल्या होत्या, आणि त्या खाचांत अडकून प्लेटा मोकळ्या होत नव्हत्या. खाचा खोल असत्या तर बास्केट बदलणेच योग्य, असे सांगून तुम्ही त्या नखाने चाचपल्यात आणि सपाट कानशीने फक्त वर आलेल्या कडा उतरवल्यात, दर दोन घासांनंतर थांबून, पुसून, पुन्हा बोट फिरवून. नव्या प्लेटा तेवढा वेळ तेलात भिजत होत्या. कव्हरचे गास्केट नवे घातलेत, साखळीचा ताण पाहिलात, आणि २,६५० रुपयांचे बिल एकेक वस्तू लिहून दिलेत.

तुमच्याकडे फर्मागुडीच्या आयटीआयमधून शिकून आलेला मुलगा काम करतो. प्रत्येक गाडीचा दोष, आधी काय वाटले आणि शेवटी काय निघाले, हे त्याने वहीत लिहायचे, असा तुमचा दंडक आहे. माझ्या गाडीच्या नोंदीवर त्याने लिहिले आहे : 'क्लच दाबूनही चाक फिरते. गिअर पेटी उघडू नये. आधी केबल, मग पेडल, मग तेल, मग प्लेटा.' मी वर्गात इतकी वर्षे मुलांना निरीक्षण लिहायला सांगतो. इतके नेमके लिहिलेले मी क्वचितच वाचले आहे. त्याचा फोटो काढू दिलात, त्याबद्दलही आभार. आमच्या शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना मी तो दाखवला, आणि त्यांपैकी एकीच्या गाडीची केबल जूनच्या आधीच बदलायचे ठरले आहे.

गाडी आता बाराशे किलोमीटर चालली आहे. तिस्कच्या तिठ्यावर इंजिन चालू असताना न्यूट्रल पहिल्याच प्रयत्नात लागते, आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा पेटला की दर वेळी मला तुमची आठवण होते. सकाळच्या पहिल्या गिअरला हलका आवाज अजून येतो. तेवढा असायचाच, हे तुम्ही सांगितले होते, म्हणून मी निश्चिंत आहे. नव्या प्लेटा बसल्यावर लिव्हरची चाल पुन्हा जुळवावी लागते असे तुम्ही म्हणाला होतात, तेव्हा येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर दुपारी येतो. कव्हरच्या खालच्या बाजूला तेलाची ओल दिसते का, तेही त्या वेळी पाहावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
फोंड्याहून वाळपईला जाणारा एक शिक्षक